तीर्थनच्या काठचे चार दिवस

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास कौमुदी आणि तिचा नवरा परीक्षित एगैलाहून सलव्याला आले, तेव्हा दारातच कौमुदीला दिसलं की बाबांची बॅग भरून झाली आहे. बॅगेला टेकवून मासेमारीच्या रॉडची लांब अ‍ॅल्युमिनियमची नळी उभी होती. सोफ्यावर छातीपर्यंत येणारे रबरी पँटबूट नीट घडी घालून ठेवले होते. समोरच्या भिंतीला लागून पाण्याच्या बाटल्यांचे अकरा खोके, प्लास्टिकच्या कापडाची गुंडाळी आणि तपकिरी टेपची रिळं. मार्च २००३चा तो पहिला आठवडा. सरहद्दीपलीकडे इराकमध्ये कुठल्याही दिवशी युद्ध सुरू होईल म्हणून कुवेतमधल्या घराघरांत पाणी, प्लास्टिक, टेप असं सामान आणून ठेवलेलं होतं. रॉडची नळी मात्र याच एका घरात.

"म्हणजे तुम्ही जाणार आहात तर," कौमुदी चपला न काढताच म्हणाली.

तिचे बाबा, विजयकुमार, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट पकडून ठेवणारा छोटा शेगडा बसवलेला, त्यात भुवईच्या केसाएवढा बारीक गळ धरलेला. त्यावर ते तपकिरी रेशमी दोरा गुंडाळत होते. बावीस वर्षांपूर्वी रिफायनरीतल्या एका स्कॉटिश इंजिनियरने त्यांना पिसांची माशी बांधायला शिकवलं होतं आणि ती माशी पाण्यावर हलकेच उतरवून ट्राउट मासा कसा पकडायचा तेही. स्कॉटिश माणूस निवृत्त होऊन कधीच गेला. हा नाद राहिला.

"रविवारची तिकिटं आहेत," ते मान वर न करता म्हणाले. "नोव्हेंबरात काढलेली. तुला माहीत आहे."

"नोव्हेंबरात कुणाला काय ठाऊक होतं!"

"कौमुदी, आधी बस," परीक्षित हळूच म्हणाला. तिला पाचवा महिना लागला होता. गाडीत सबंध रस्ताभर ती हेच बोलत आली होती आणि त्याने सबंध रस्ताभर तिला सांगितलं होतं, की जेवण होईपर्यंत विषय काढू नकोस.

आतून आईची, पद्मजाची हाक आली. "कौमुदी, ये गं, कोशिंबीर कालव जरा."

पद्मजाला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. ती मुद्दामच हाक मारत होती. ती सरकारी इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डची सिस्टर-इन-चार्ज होती. मंगळवारी परिपत्रक आलं होतं: सगळ्यांच्या रजा रद्द. तिला जाता येणार नव्हतं आणि तिला त्याबद्दल फारसं काही वाटतही नव्हतं. तिला काळजी होती ती नचिकेतची. एकोणीस वर्षांचा मुलगा. पुण्यातलं इंजिनियरिंग पहिल्याच वर्षी सोडून परत आलेला, बापाशी सोडून कुणाशी धड न बोलणारा. त्याला 'इथून पळ' म्हटलं असतं तर तो हटून बसला असता. पण हिमाचलात तीर्थन नदीवर मार्चच्या थंड पाण्यात उभं राहून ट्राउट पकडायला तो एका पायावर तयार होता. गेले तीन महिने बापलेक संध्याकाळी समुद्राकाठच्या मोकळ्या जागेत दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा बांधून फेकायचा सराव करत होते. माशांसाठी का होईना, मुलगा विमानात बसतोय ना? मग बाकीचं बोलायची तिची तयारी नव्हती.

"आई, तू काहीच म्हणणार नाहीस?" कौमुदीने काकडीची वाटी पुढ्यात ओढली.

"काय म्हणू?"

"की बायको इथे वॉर्डात, आणि नवरा नदीत. नव्वद साली इराकी फौज घुसली तेव्हा हेच झालं ना? आपण तिघं इथे अडकलो आणि बाबा तिकडे मासे धरत होते."

"तेव्हा ते सुट्टीवर होते. दरड कोसळली, रस्ता बंद झाला, त्यांना चार दिवस खाली उतरताच आलं नाही. उतरल्यावर महिनाभर दिल्लीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले त्यांनी." पद्मजा हे वाक्य इतक्या वेळा बोलली होती की ते आता आपोआप येत असे. "आणि या वेळी नचिकेतला घेऊन जाताहेत. मी सांगितलंय त्यांना, जा म्हणून."

कौमुदीने आईकडे पाहिलं. आईची बाजू घ्यायला ती आली होती आणि आई बाबांच्या बाजूला उभी होती.

जेवायला सगळे बसले. वरणभात, वांग्याचं भरीत, तळलेला पापलेट. परीक्षितने प्लँटमधल्या गोष्टी काढल्या. आपत्कालीन तुकडीत त्याचं नाव आलं होतं, सायरन वाजला की कुणी कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा याच्या रोज तालमी चालल्या होत्या. विजयकुमार बारीकसारीक प्रश्न विचारत होते. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे असल्यामुळे त्यांना त्या यादीतून वगळलं होतं.

"तुझं काय ठरलं?" त्यांनी कौमुदीला विचारलं.

"माझं काय ठरायचंय? अठरा तारखेपर्यंत कुठल्याच विमानात जागा नाही. परीक्षितने सगळे एजंट पालथे घातले." तिने पापलेटचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "जागा मिळाली तरी मी जाईन असं नाही. नवऱ्याला सोडून जायची पद्धत आपल्या घरात बाबांनी पाडलीय, मी नाही."

"कौमुदी!" पद्मजा म्हणाली.

विजयकुमार शांतपणे म्हणाले, "मी कुणाला सोडून गेलो नव्हतो. रस्ता बंद होता."

तेवढ्यात नचिकेतने पाण्याचा पेला खाली ठेवला.

तो जेवायला बसल्यापासून एक शब्दही बोलला नव्हता. बुधवारी दुपारी त्याने बाबांच्या जुन्या वह्या काढल्या होत्या. नदीवरच्या प्रत्येक दिवसाची नोंद बाबा ठेवत: तारीख, पाण्याचं तापमान, कुठली माशी, किती मासे. मार्चच्या सुरुवातीला, बर्फ वितळायच्या आधी, जेव्हा पाणी काचेसारखं नितळ असतं आणि मासा दगडाआड दडून बसतो, तेव्हा कुठली माशी चालते एवढंच त्याला बघायचं होतं. वहीमागून वही उघडत तो मागे गेला आणि ऑगस्ट १९९०वर थांबला. ते पान त्याने किती वेळा वाचलं ते त्याचं त्यालाच माहीत. दोन दिवस तो बाबांकडे पाहत होता आणि बाबा माश्या बांधत होते.

"बाबा, व्हेअर वॉज द लँडस्लाइड?"

"काय?"

"दरड. कुठे कोसळली होती?"

"बंजारच्या वर. का?"

"बंजार म्हणजे तेच गाव ना, जिथून बस सुटते?"

विजयकुमारांचा हात ताटात थांबला. परीक्षितला वाटलं, यांना ठसका लागणार. पण ते फक्त मुलाकडे बघत राहिले.

"चार ऑगस्ट," नचिकेत म्हणाला. त्याचं मराठी वाचन अडखळतं होतं, पण हे त्याला पाठ झालं होतं. "'सकाळच्या बसने बंजारला जाऊन पाव, मेणबत्त्या आणि काळा दोरा आणला. दुपारच्या बसने परत. संध्याकाळी दोन मासे.' तीन तारखेला एक. पाच तारखेला एकही नाही. सहा तारखेला एक, अकरा इंची, सोडला." त्याने पेला बाजूला सारला. "बस चालू होती, बाबा. यू वेंट डाउन अँड यू वेंट बॅक अप."

खालच्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर खडखडत गेला.

"तुम्हाला माहीत नव्हतं का?" कौमुदीने विचारलं. ती आता ओरडत नव्हती. "युद्ध झालंय हे बंजारला कुणालाच ठाऊक नव्हतं? सांगा ना. नव्हतं माहीत, असं सांगा."

विजयकुमारांना तसं म्हणता आलं असतं. तेरा वर्षं दरड चालली होती, हेही चाललं असतं. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं. ती भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती. ठेवून झालं तरी तिचा हात झाकणावरच होता.

"माहीत होतं," ते म्हणाले. "दोन तारखेलाच कळलं. विश्रामगृहाच्या चौकीदाराचा रेडिओ होता. त्यानेच हाक मारून सांगितलं, साहब, आपके कुवैत में फौज घुस गई. तीन तारखेला सकाळी सात वाजता बस समोर उभी होती. मी बॅग घेऊन गेलो होतो बसपर्यंत."

"मग?"

"चढलो नाही."

"का?"

जे होतं ते त्यांनी कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. बसच्या पायरीपाशी त्यांच्या डोळ्यांपुढे कुल्लूचं तारऑफिस आलं होतं, टेलिफोनच्या काचेच्या खोलीत आपण उभे आहोत आणि पलीकडून कुणीतरी सांगतंय की सलव्यातली ती इमारत आता नाही. ते वळले आणि नदीत जाऊन उभे राहिले. पाणी मांड्यांना लागत होतं, दोरी पुढे जात होती, मागे येत होती. अंधार पडेपर्यंत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"भीती वाटली," ते शेवटी म्हणाले. "खाली गेलो की तुमचं काय झालं ते कळणार होतं. वर होतो तोवर काही कळत नव्हतं. चार तारखेला फोन करायचाच म्हणून बंजारला गेलो. दुकानापुढे रांग होती फोनला. माझा नंबर आला आणि मी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. मग पाव घेतला आणि परत आलो. सहा तारखेला संध्याकाळी चौकीदार म्हणाला, साहब, मैं होता तो अब तक चला जाता. सातला उतरलो."

कौमुदी उठली. खुर्ची मागे सरकली आणि पाण्याच्या खोक्यावर आपटली.

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. कुवेतमधून बसऱ्यामार्गे अम्मानला निघालेली त्यांची बस दोन दिवस वाळवंटात उभी होती. नचिकेतला हगवण लागली होती. आई त्याचे कपडे प्यायच्या पाण्यातल्या वाटीभर पाण्याने धूत होती. आणि कौमुदीने रडायला सुरुवात केली की आई म्हणायची, बाबा दिल्लीला मोठ्या साहेबांच्या दारात उभे आहेत, पहिल्या दिवसापासून उभे आहेत, ते आपल्याला नेणारच. कौमुदीने ते दार डोळ्यांसमोर आणलं होतं. हिरवं, पितळी कडीचं. त्यापुढे उभे असलेले बाबा. त्या दाराच्या जोरावर तिने बसमधले ते दिवस काढले होते.

"तू सांगायचीस पहिल्या दिवसापासून उभे आहेत म्हणून," ती आईला म्हणाली. "तुला माहीत होतं हे?"

"नाही." पद्मजाने झाकणावरचा हात उचलला. "मी मनाचंच सांगत होते. मला वाटलं, असतील. दुसरं काय करणार होता तुमचा बाप?"

नचिकेत म्हणाला, "मी नाही जात. आय अ‍ॅम नॉट गोइंग विथ हिम."

"तू जाणार आहेस," पद्मजा एकदम म्हणाली.

"आई, मी इथे तुझ्याबरोबर..."

"माझ्याबरोबर काय करणार तू? मी चौदा चौदा तास वॉर्डात असणार. घरात एकटा बसून सायरन ऐकणार? तुला यांचं तोंड बघायचं नसेल तर बघू नको, पण रविवारच्या विमानात तू बसायचंस. मी एकदा तुला त्या बसमधून नेलंय. पुन्हा नाही नेणार."

विजयकुमार हळूच म्हणाले, "पद्मा, त्याला नको असेल तर..."

"तुम्ही गप्प बसा."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मुलांदेखत ती असं कधी बोलली नव्हती.

परीक्षित इतका वेळ जावयाच्या जागी अवघडून बसला होता. सासऱ्यांबद्दल त्याला आदर होता; नाशिकहून नवा नवा आला तेव्हा याच माणसाने त्याला प्लँट समजावून दिला होता. पण या क्षणी त्याला दुसरंच काही दिसत होतं, आणि ते बोलायची त्याला लाज वाटत होती. त्याने कौमुदीकडे पाहिलं. ते तिलाही दिसलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"रविवारी दोन जागा आहेत," कौमुदी म्हणाली. "बाबांनी तिकीट रद्द केलं आणि एजंटने त्याच वेळी माझं काढलं तर मिळेल मला ती. नचिकेत माझ्याबरोबर येईल. मला एकटीला या अवस्थेत जाता येणार नाही, त्यामुळे त्याला यावंच लागेल." ती वडिलांकडे वळली. "आणि या वेळी बाबा थांबतील."

तिला ते शिक्षा म्हणूनच द्यायचं होतं.

"थांबतो," विजयकुमार लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की कौमुदीला हातात धरलेली वस्तू निसटल्यासारखं झालं. "परीक्षित, एजंटच्या घरचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

"थांबा," पद्मजा म्हणाली. "मला कुणी विचारलं? हे इथे मला हवे आहेत की नकोत?"

परीक्षितचा हात फोनवर होता तिथेच राहिला.

पद्मजा चौघांकडे बघत होती, पण तिला ते दिसत नव्हते. तेरा वर्षं तिने दरडीचा रस्ता मनातल्या मनात साफ केला होता. मातीच्या ढिगाऱ्याच्या पलीकडे तडफडणारा नवरा तिने स्वतःच उभा केला होता, त्याच्यासाठी तिला वाईटही वाटायचं. आता तिथे काहीच नव्हतं. मोकळा रस्ता आणि त्यावरून जाणारी बस. हा माणूस सायरन वाजताना शेजारच्या खोलीत असणार. त्यापेक्षा तो नदीवर गेलेला बरा, असं तिच्या ओठांपर्यंत आलं.

मग तिने कौमुदीच्या पोटाकडे पाहिलं.

"लाव फोन," ती परीक्षितला म्हणाली. "पोरगी गेलीच पाहिजे इथून." आणि ताटं उचलायला लागली. विजयकुमार मदतीला उठले तसं तिने त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

रविवारी सकाळी परीक्षितने दोघांना विमानतळावर नेलं. विजयकुमार आणि पद्मजाही गेले. गर्दी इतकी होती की गाड्या अर्ध्या मैलावर थांबवत होते. सामान डोक्यावर घेऊन लोक चालत होते. दारापाशी नचिकेतने आईला मिठी मारली, वडिलांच्या पाया पडला आणि सरळ उभा राहिला.

"काकांकडे पोचलात की फोन कर," विजयकुमार म्हणाले.

"ताई करेल."

कौमुदी आधी परीक्षितच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. मग वडिलांपाशी आली. "आईला ताटकळत ठेवू नका, ड्युटी सुटायच्या आधीच जाऊन उभे राहत जा," एवढंच म्हणाली. विजयकुमारांनी मान हलवली.

घरी आल्यावर नवराबायकोने विषारी वायूच्या भीतीने मागची खोली बंद करायला घेतली. तो शिडीवर, ती खाली. खिडकीवर प्लास्टिक ताणायचं, कडेने टेप मारायची, एसीच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. मीठ आणा, दार लावा. बाथरूमच्या झरोक्यापाशी त्यांच्या हातातून रीळ निसटलं आणि पलंगाखाली गेलं. ते शिडीवरून उतरले, पण वाकले नाहीत.

"पद्मा," ते म्हणाले, "त्या चार दिवसांत इथे काय झालं?"

ती वळली.

"बसमधलं मुलांकडून कळलं. अम्मानचं तू सांगितलंस. त्या आधीचं तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"नाही. विचारलं नाही."

तिने वाकून रीळ काढलं, टेपचं टोक नखाने शोधत राहिली. ते सापडेना. घड्याळात एक वाजत आला होता. दोनची ड्युटी होती. ती गणवेश घालायला गेली. विजयकुमारांनी उरलेली एक कड एकट्यानेच चिकटवली आणि गाडीची किल्ली घेतली.

सलव्याच्या वळणावर लष्करी ट्रकांची रांग जात होती म्हणून गाडी थांबली. पद्मजा समोर बघत होती.

"दोन तारखेला पहाटे पाचला आवाज सुरू झाले," ती म्हणाली. "दस्मान राजवाड्याच्या बाजूने. मला वाटलं, वरच्या मजल्यावरचा एसी बिघडला. मी उठून वरच्या शेजारणीचं, झुलेखाचं दार वाजवलं, तक्रार करायला. तिने दार उघडलं तर ती कुराण छातीशी धरून उभी."

ट्रक संपले. विजयकुमारांनी गाडी हळूच पुढे काढली.

"तीन तारखेला इस्पितळाची गाडी न्यायला आली. मुलांना झुलेखाकडे ठेवलं. कौमुदी माझा हात सोडेना, मी तिच्या हातावर मारलं. जोरात मारलं. तसं मी तिला कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी वॉर्डात एकोणीस जण आले. एक मुलगा होता, सैनिकच होता, इराकच्या बाजूचा. मिसरूड फुटलेलं. मला 'उम्मी' म्हणत होता, आई. त्याला पाणी द्यायचं की नाही यावरून डॉक्टरांत भांडण झालं."

"दिलंस?"

"मधे बोलू नका."

"बरं."

"दिलं. चार तारखेला खबूस रोटीच्या दुकानापुढे साडेतीन तास उभी राहिले. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा होता, तो उभ्याउभ्याच खाली बसला आणि उठलाच नाही. लोकांनी त्याला बाजूला घेतलं आणि रांग पुढे सरकली. मीही सरकले." तिने मांडीवरची पर्स घट्ट धरली होती. "एक पाऊल पुढे गेले मी. मला बरं वाटलं तेव्हा, एक माणूस कमी झाला म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नाही."

विजयकुमारांना पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता. त्यांनी गाडी कडेच्या गल्लीत घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. ती बोलत राहिली. पाच तारखेचं, सहा तारखेचं. खालच्या मजल्यावर शिपाई आले त्याचं. नचिकेतने विचारलं की बाबा मेले का, त्याचं. तिचा आवाज वॉर्डात ड्युटी सोपवताना असायचा तसा सपाट होता. त्यांनी एकदाही मधे तोंड उघडलं नाही.

मग तिने घड्याळ पाहिलं. "चला, उशीर होतोय."

इस्पितळाच्या फाटकापाशी वाळूच्या पोत्यांची भिंत रचत होते. ती उतरली, टोपी नीट केली. दार लावायच्या आधी ती वाकली.

"मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"माहीत नाही, करेन की नाही."

"पुढचं सांगशील?" त्यांनी विचारलं.

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलं. शुक्रवारपासून पहिल्यांदाच पाहिलं.

"नऊला सुटते मी. लवकर येऊन थांबा," ती म्हणाली. "अजून आपल्याला बसऱ्याला पोचायचंय."